सावलीवर कर: अद्भुतकथेत साम्राज्य आणि जुलूम कसा लिहावा

गेली काही वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे असतं. त्यात अद्भुतकथांची संख्या वाढते आहे, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पण त्यांतल्या निम्म्या कथांमध्ये मला एकच सम्राट भेटतो. काळं चिलखत, उंच बुरूज, डोळ्यांत लाल जाळ. तो गावं जाळतो. एका जळालेल्या गावातला पोरगा वाचतो, त्याच्या हाती दैवी शक्ती येते, तो सम्राटाला मारतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी प्रजा मोकळी होते. कथा मिटताना मला दर वेळी तोच प्रश्न पडतो. या राज्यात सारा कोण गोळा करत होतं? वही कुणाकडे होती? आणि सम्राट मेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहीवाला कुठे गेला?

आपल्या पणजोबांवर ज्यांनी राज्य केलं, तो राजा पणजोबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला तो कुलकर्णी, जंगलातला गार्ड, मिठागरावरचा शिपाई. जुलूम गावात शिरला तो मापातून, शिक्क्यातून, हजेरीतून. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की अद्भुतकथेत साम्राज्य उभं करायचं असेल तर आधी त्याचं दप्तर लिहा, बुरूज मागाहून बांधा. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगतो. सोबत एक गोष्टही रचत जाऊ, म्हणजे प्रत्येक पायरीने कथेत काय बदलतं ते दिसेल.

पायरी १: साम्राज्याला नेमकं काय हवंय ते एका शब्दात लिहा

‘सत्ता’ हे उत्तर चालणार नाही. सत्ता कशासाठी, हे सांगता आलं पाहिजे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगोचा धनी होता. तो त्या देशात एकदाही गेला नाही. त्याला तिथून हस्तिदंत हवं होतं आणि पुढे रबर. बिहारच्या चंपारणात निळीचे मळेवाले शेतकऱ्यांना वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे निळीसाठी राखायला लावत, म्हणून त्या पद्धतीचं नावच ‘तीनकठिया’ पडलं.

आणि मीठ. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानच्या अंगावरून एक जकातरेषा ओढली होती, सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत, दोन हजार मैलांहून लांब. तिच्या मोठ्या भागावर जिवंत कुंपण वाढवलेलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची माणसापेक्षा उंच, दाट भिंत. तिच्यावर सुमारे बारा हजार माणसं पहाऱ्याला. १८७९ साली ती रेषा सोडून दिली. चिमूटभर मिठासाठी अर्ध्या खंडावर काटे लावणारं सरकार, ही कल्पना एखाद्या कथालेखकाने मांडली असती तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं.

तुमच्या कथेसाठी एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा. कोणती वस्तू? ती कोण काढतं? कोण वाहून नेतं? कोण वापरतं? चौथी ओळ बहुतेक जण कोरी सोडतात. ती कोरी सोडू नका, कारण जुलमाचं कारण तिच्यातच असतं.

आपल्या गोष्टीत ती वस्तू आहे सावली. राजधानी दूर उत्तर-पूर्वेला, तापलेल्या उघड्या माळावर वसलेली आहे. तिच्या बाजारपेठांवर, वाड्यांच्या चौकांवर सावल्यांचं छत शिवलेलं असतं आणि त्याखाली लोक गारव्यात हिंडतात. या सावल्या दक्षिणेच्या डोंगराळ मुलखातल्या माणसांच्या आहेत. दर उन्हाळ्याच्या तोंडाला प्रत्येकाच्या सावलीचा तिसरा हिस्सा कापून नेतात. कापलेली सावली पावसाळाभर हळूहळू पुन्हा भरते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कापता येते. ज्याची सावली कापलेली असते त्याला झाडाखाली बसूनही गारवा लागत नाही. बस, जादूचे नियम एवढेच. जादू जितकी थोडी, तितका जुलूम स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट जाता जाता. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत काम करणारा ई. डी. मोरेल अँटवर्पच्या धक्क्यावर जायचा. काँगोहून येणारी जहाजं रबराने आणि हस्तिदंताने भरून येत. परत जाताना त्यांत बंदुका, काडतुसं असत, विकायचा माल जवळजवळ काहीच नसे. मग रबराचा मोबदला कुणाला मिळतो? कुणालाच नाही, म्हणजे ही वेठ आहे, हे त्याने नुसत्या मालाच्या नोंदीवरून ओळखलं. तुमच्या कथेतल्या पात्राला अन्यायाचा शोध लागायचा असेल तर तो स्वप्नातल्या ऋषीकडून लागू देऊ नका. त्याच्यापुढे दोन याद्या ठेवा आणि त्या जुळत नाहीत हे त्याचं त्याला दिसू द्या.

पायरी २: जादू मोजा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

पेशवाई गेल्यावर पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी केली. जमिनीचे प्रकार पाडले, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती राहील ते काढलं आणि त्याच्या ५५ टक्के सारा बसवला. कागदावर हिशोब चोख होता. प्रत्यक्षात तो इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली आणि तीस-तीस वर्षांसाठी आकार ठरवण्याची पद्धत आली. प्रिंगलला शेतकऱ्यांचा द्वेष असण्याची काही गरज नव्हती. चुकीच्या मापाने नीट मोजलं की पुरे होतं. खलनायकाला दुष्टपणाचं हसू हसवण्याआधी त्याच्या हातात एक मोजपट्टी द्या आणि त्याला मनापासून प्रामाणिक राहू द्या. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो तिथे.

मोजणीत स्वतःचीच एक अद्भुतता असते. १८६५ साली नैनसिंग रावत हा कुमाऊँचा शिक्षक यात्रेकरूच्या वेषात तिबेटकडे निघाला. इंग्रजांच्या पाहणी खात्याने त्याला एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं होतं. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, ठरावीक पावलांमागे एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. जपाच्या आडून एका देशाचा नकाशा तयार होत होता. अशी एखादी माळ तुमच्या कथेत कुणाच्या तरी हातात असू द्या.

माणसंही मोजली जातात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. ज्या घरांनी ते पाहिलं त्यांच्या बोलण्यात ‘हजेरी’ हा शब्द आजही वेगळ्या वजनाने येतो. कथेत असा एक शब्द शोधा, रोजचा, साधा, पण ज्याने पात्राचा चेहरा बदलतो.

आता वेळ. १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबई महापालिकेने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. सूर्य डोक्यावर केव्हा आला हे सरकारने सांगायचं की आकाशाने, हा वाद एका शहरात जवळजवळ अर्धं शतक चालला. मला तो फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या गोष्टीचा कणा मी तिथूनच उचलला आहे.

सावली मोजायची ती ‘भर माध्यान्ही’, असं साम्राज्याचा कायदा सांगतो. ऐकायला हे न्यायाचंच वाटतं, कारण माध्यान्ही सावली सगळ्यांत आखूड असते. पण माध्यान्ह कुठली? राजधानीची. राजधानी पूर्वेला असल्याने तिथे सूर्य दीड तास आधी माथ्यावर येतो. तिथली वेळ पाळणारी घंटा आपल्या डोंगरात वाजते तेव्हा इथे सकाळचे साडेदहा झालेले असतात आणि सावली चांगली लांब असते. कायद्यात कुठेही लबाडी लिहिलेली नाही. सगळी लबाडी त्या दीड तासात आहे.

असं काही तुमच्या कथेसाठी सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. नियम स्वतंत्रपणे वाचला तर न्यायाचा वाटावा, आणि अंमलात आला की एकाच बाजूला झुकावा.

पायरी ३: साम्राज्य येण्याआधीचा जुलूम लिहा

‘परके येण्याआधी सगळे सुखात होते’ अशी सुरुवात असलेली कथा मी मराठीत लिहू शकत नाही, आणि तुम्हीही लिहू नये असं मला वाटतं. पेशवाईतल्या पुण्यात दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना शहरात यायला बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्यांची सावली अंगावर पडली तर वरच्या जातींना विटाळ होई. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. सावलीची गोष्ट रचायची आणि ही सावली विसरायची, हे शक्यच नाही.

म्हणून आपल्या डोंगरातल्या गावात साम्राज्य येण्याच्या किती तरी आधीपासून एक नियम आहे. खालच्या वस्तीतल्या माणसांनी देवळाच्या चौकात सावली आखूड असतानाच यायचं. मग साम्राज्य येतं आणि म्हणतं, आमच्या वहीत सगळ्या सावल्या सारख्या, हाताला हात, बोटाला बोट. खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला हे ऐकून काय वाटेल? त्याची सावली पहिल्यांदाच कुणी तरी मोलाची म्हणून मोजतो आहे. कापून नेण्यासाठी का होईना, पण त्याचं नाव पाटलाच्या नावाखाली त्याच रकान्यात लिहिलं जातं आहे.

हा पेच आपल्या इतिहासात खरोखर घडलेला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत महार सैनिक होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, आणि त्यांच्या रोखठोक टीकेचा रोख प्रथम घरच्या गुलामगिरीकडे होता. मात्र त्याच इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकर या माजी सैनिकाला तिच्यासाठी अर्ज करावे लागले. साम्राज्य दार उघडतं तेव्हा त्याला गरज असते. गरज संपली की तेच दार लागतं. दोन्ही गोष्टी तुमच्या कथेत असायला हव्यात, दार उघडल्याचा खरा आनंद आणि ते लागल्याचा खरा घाव. आनंद खोटा दाखवला तर त्या माणसांचा अपमान होतो.

इथे एक सावधगिरी. जातीचा अनुभव कथेला ‘खोली’ यावी म्हणून शिंपडायचा मसाला नाही. मी या गोष्टीचा पहिला खर्डा केला तेव्हा नायक होता वरच्या आळीतला, चांगल्या मनाचा मुलगा, आणि खालची वस्ती त्याच्या दयेसाठी होती. आठ पानं झाल्यावर लक्षात आलं की त्या वस्तीतलं एकही माणूस कथेत स्वतः काही ठरवत नाही. ती पानं बाजूला ठेवली. आता गोष्ट चंद्रीच्या डोळ्यांनी जाते. चंद्री बारा वर्षांची आहे, खालच्या वस्तीतली, आणि सावल्यांविषयी तिला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. का, ते पाचव्या पायरीत येईल.

आणखी एक, थोडक्यात पण आग्रहाने. परकं साम्राज्य दाखवण्यासाठी फारसी वळणाची नावं, दाढ्या, हिरवे झेंडे असली सामग्री वापरू नका. डोंगरात राहणाऱ्या, वेगळं बोलणाऱ्या, सावळ्या माणसांना राक्षसाच्या फौजेत भरती करू नका. या दोन्ही सवयी आपल्याकडे फार सहज येतात आणि दोन्हींनी जुलमावरची कथा स्वतःच कुणावर तरी जुलूम करते.

पायरी ४: मधला माणूस उभा करा

साम्राज्यं मूठभर परक्यांनी चालत नाहीत. १८२५ साली खानदेशात भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभी केली, औट्रॅम तिचा अधिकारी. पहिल्या पायरीत सांगितलेल्या मिठाच्या कुंपणाची देखभाल ज्याने मन लावून केली त्या ॲलन ह्यूमनेच पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. माणसं अशी असतात. एकाच आयुष्यात कुंपणही लावतात आणि त्यातून वाटही काढतात.

आपल्या गोष्टीतला मधला माणूस म्हादू. गावचाच, घरात खाणारी तोंडं पाच, सरकारी मोजणीदार. त्याच्याविषयी काय वाटावं हे वाचकाला सांगत बसू नका, त्याला कामावर दाखवा. हा प्रसंग पाहा:

घंटा झाली. आजी अंगणात येऊन उभी राहिली, चपला बाजूला काढून, देवळात शिरताना काढतात तशा. म्हादूने पितळी गज उपरण्यात धरला, उन्हाने तो चटका देत होता. टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत.

“सव्वा हात, दोन बोटं,” तो म्हणाला, आणि वहीत सव्वा हात लिहिलं.

आजीला वाचता येत नव्हतं, पण लेखणी किती चालली ते तिला दिसलं. “दोन बोटं राहिली.”

“राहू दे, आजी.”

“गावाचा आकडा ठरलेला आहे ना रे? मग माझी दोन बोटं कुणाच्या नावावर चढतील?”

कुंपणापलीकडे खालच्या वस्तीतली माणसं आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. म्हादूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने वही पुन्हा उघडली.

हा प्रसंग लिहिताना मी एकच गोष्ट ठरवली होती, ‘गावाचा आकडा ठरलेला आहे’. त्यामुळे म्हादूची दयासुद्धा दुसऱ्याच्या अंगावर बोजा होऊन पडते. आजीला अन्याय कळतो आणि त्यातली चालही कळते, म्हणून ती दीनवाणी होत नाही. तुमच्या मधल्या माणसाला असाच एक पेच द्या, ज्यात चांगलं वागायला गेलं तरी किंमत कुणी तरी मोजतं. त्याच्या तोंडी पश्चात्तापाचं भाषण घालू नका.

प्रसंग लिहून झाला की त्यातली मापं तपासा. साडेदहाचं ऊन, उन्हाळा, ठेंगणी म्हातारी, म्हणजे सावली सव्वा हाताच्या आसपासच येईल. मी अंगणात काठी रोवून पाहिलं. अद्भुत जगात एकच गोष्ट अद्भुत असावी, बाकीची सगळी मापाची असावीत, म्हणजे वाचक त्या एका गोष्टीवरही विश्वास ठेवतो.

भाषा, देव आणि भात

भाषेचं काम याच पायरीबरोबर उरकावं. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की कोकणी सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागा. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानात तर लग्नातली गाणी, दारातली तुळस आणि मीठ न घालता भात शिजवण्याची रीतसुद्धा बंदीच्या यादीत होती. कुणाच्या तरी चुलीवरच्या भाताला मीठ आहे की नाही, हे पाहणारं सरकार. ‘त्यांनी आमची संस्कृती नष्ट केली’ असं वाक्य लिहिण्यापेक्षा तो अळणी भात लिहा. त्याआधी, सोळाव्या शतकातच, कुशस्थळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळला गेला होता आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव पाठीवर घेऊन नदी ओलांडणारी माणसं, यापेक्षा मोठी अद्भुतकथा मला माहीत नाही.

साम्राज्याच्या भाषेसाठी नवी अक्षरं जुळवून चमत्कारिक शब्द करण्यात वेळ घालवू नका. मराठीतच ‘दप्तर’, ‘तहसील’, ‘जमाबंदी’, ‘हजेरी’, ‘रयत’ हे सगळे शब्द जुन्या राजवटींच्या कचेऱ्यांतून उतरलेले आहेत, आणि आज ते परके वाटत नाहीत. तुमच्या गावकऱ्यांच्या बोलण्यातही आधी होऊन गेलेल्या एखाद्या राज्याचे शब्द मुरलेले असू द्या. त्या जगाला लगेच वय येतं.

पायरी ५: बंडाला युक्ती द्या

दैवी तलवार नको. जुलूम ज्या सांध्यावर उभा आहे तो सांधा बंडखोरांना सापडला पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले ते खतं, रोखे आणि वह्या शोधत. कागद मिळाले की होळी. पुढे आसपासच्या गावांत हेच झालं, आणि जिथे कागद निमूट हाती आले तिथे सावकाराच्या जिवाला सहसा कुणी हात लावला नाही. आपल्या गळ्यातला फास कशाचा आहे हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. चार वर्षांनी, १८७९ साली, शेतकऱ्यांना कर्जात संरक्षण देणारा कायदा सरकारला करावा लागला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोक विळे-कोयते घेऊन राखीव जंगलात गवत-लाकूड तोडायला गेले, आणि २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला, माणसं मेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारने १९४३ नंतर गावोगाव न्यायनिवाडे केले, म्हणजे बंडाने स्वतःचं दप्तरच उभं केलं. कागद जाळणं, बंदी मोडून रोजचं काम करणं, आणि सरकारचं काम स्वतः करून दाखवणं, या तीन अगदी वेगळ्या युक्त्या आहेत. तुमच्या कथेतल्या माणसांना यांतली कोणती जमेल ते त्यांच्या हाताशी काय आहे त्यावरून ठरवा.

आपल्या डोंगरातल्या माणसांच्या हाताशी आकाश आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात वर्षातून दोन दिवस असे येतात की खऱ्या माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. मुंबईत ते दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतात. जुलैतला बहुधा ढगांत जातो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असा दिवस कधीच येत नाही. आपली राजधानी उत्तरेला आहे. तिथल्या एकाही अधिकाऱ्याने बिनसावलीची दुपार आयुष्यात पाहिलेली नाही, त्यामुळे कायदा लिहिताना ती त्यांच्या मनातच आलेली नाही.

ही दुपार गावात कुणाला नेमकी माहीत असेल? ज्यांना चौकात पाय टाकायला सावली आखूड होण्याची वाट पाहावी लागली त्यांना. खालच्या वस्तीत आजी नातीला बोटं मोजायला शिकवते, कुठल्या महिन्यात कुठल्या घटकेला सावली किती, हे तिथे पाढ्यासारखं पाठ असतं. ज्या नियमाने त्यांना खाली ठेवलं त्याच नियमाने त्यांना हे शिकवलं. मोजणी नेमकी त्या दिवशी व्हावी आणि घंटा दीड तास उशिरा वाजावी, एवढं जमलं तर म्हादूच्या वहीत अख्ख्या गावापुढे शून्य लागेल. घंटेचा टोल देणारा गुरव, वही धरणारा म्हादू, दिवस सांगणारी चंद्री, तिघंही लागतात.

आणि चंद्रीची आई विचारते, आम्ही दिवस का सांगावा? सावली वाचली तर ती पुन्हा चौकाबाहेरच ठेवायची ना?

हा प्रश्न कथेच्या मध्यावर आणा. शेवटी आणलात तर तो उपदेश होतो. मध्यावर आणलात तर गावाला साम्राज्याशी लढायच्या आधी स्वतःशी वाटाघाट करावी लागते, आणि कथेतला खरा संघर्ष तिथे आहे.

पायरी ६: हिंसा किती दाखवायची

कमी, पण नेमकी. काँगोत सैनिकांना झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशोब द्यावा लागे, आणि तो पुरावा म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात. गोळी शिकारीवर उडाली तर जिवंत माणसांचे हात तोडून आकडा जुळवला जाई. क्रौर्याचं मूळ काडतुसांच्या हिशोबात होतं. एवढं लिहिल्यावर रक्ताचं वर्णन करायची गरज उरत नाही. आपल्या कथेत मी एकच प्रसंग ठेवला आहे. दोन वर्षं लागोपाठ जादा सावली कापलेला एक गडी भर पावसात उघडा उभा राहतो आणि म्हणतो, अजून गार लागत नाही.

पायरी ७: एक प्रकरण छताखाली बसून लिहा

राजधानीतली एखादी मुलगी घ्या, चंद्रीच्याच वयाची, जी त्या गारव्यात लहानाची मोठी झाली आहे. ती दुष्ट नाही. सावली कुठून येते हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि तिच्या अंगाईत दक्षिणेच्या डोंगरांचं नाव फार गोड येतं.

मराठी लेखकाने ही पायरी टाळू नये, कारण आपणही छताखाली बसलेलो आहोत. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. आपल्याकडे ती चौथाईची मोहीम, अटकेपार झेंड्यांच्या कौतुकातला एक तुकडा. बंगालात मात्र आईच्या अंगाईत आजही ‘बर्गी’ येतात, मुलं झोपली, गाव निजलं, बर्गी आले, आता सारा कशाचा द्यायचा. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे मराठा स्वार. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. शिवकालाचा अभिमान मला आहे आणि तो राहील, पण दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाईत आपण भीती म्हणून उभे आहोत हे माहीत असलेला लेखक साम्राज्य वेगळं लिहितो. त्याचा शत्रू मग केवळ ‘ते’ राहत नाहीत.

पायरी ८: शेवट

सम्राट मारू नका. आपल्या कथेत तर तो दिसतही नाही. आणि एका दिवसात सगळं संपवू नका. १८७१ चा तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या, पण ‘सराईत गुन्हेगारां’विषयीचे नवे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलिसांची नजर बदलली नाही. साम्राज्य पुढच्या वर्षी मोजणीची तारीख बदलेल, हे गावाला ठाऊक असलं पाहिजे. कदाचित म्हादूची नोकरी जाईल. कदाचित गुरवाला धरून नेतील. हे कुणीही विसरता कामा नये.

मी दोन शेवट लिहून पाहिले. पहिल्यात म्हादू वहीत एकाखाली एक शून्य लिहीत जातो, पाटलापासून खालच्या वस्तीतल्या तान्ह्या बाळापर्यंत, आणि राजधानीच्या छताला त्या उन्हाळ्यात एक भोक पडतं. तो वाचायला छान होता. पण चंद्रीच्या आईचा प्रश्न त्यात तसाच राहत होता.

म्हणून दुसरा लिहिला. बिनसावलीची दुपार होऊन गेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे सात वाजले आहेत, ऊन तिरपं आहे, सावल्या लांबच लांब. चंद्री पाण्याची कळशी घेऊन देवळाच्या चौकातून चालत निघते. तिची अख्खी, न कापलेली सावली तिच्या पुढे फरशीवरून सरकते आहे आणि वाटेत सहा माणसं उभी आहेत. त्यांतलं कोण मागे सरतं, आणि कोण आपल्या जागी उभं राहून ती अंगावरून जाऊ देतं, ते एकेक करून लिहा. मग थांबा.